नाशिकच्या प्ले झोन चालकांना खुले पत्र : मेंबरशिपचे पैसे अजून तुमचे झालेले नाहीत

प्रति,
नाशिक शहरात मुलांचे इनडोअर प्ले झोन चालवणारे, चालवायला घेणारे आणि त्यांना गाळे भाड्याने देणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगून टाकते, हे पत्र तुमच्या धंद्याच्या विरोधात नाही. असलंच तर बाजूनं आहे. मे महिन्यात दुपारी चार वाजता महापालिकेच्या कुठल्याही बागेतल्या पत्र्याच्या घसरगुंडीवर हात ठेवून बघा. जुलैत त्याच घसरगुंडीच्या पायथ्याशी डबकं असतं आणि झोक्याची एक साखळी तुटलेली असते. मुलांनी खेळायचं कुठे? पार्किंगमध्ये बॉल नेला की सोसायटीचे सेक्रेटरी खिडकीतून ओरडतात. त्यामुळे कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा असं करत करत तुमचे हॉल उघडायला लागले, तेव्हा माझ्यासारख्या आयांना बरंच वाटलं. गाद्या, जाळ्या, बॉल पूल, ट्रॅम्पोलिन, वर एसी, आणि आजीला टेकायला खुर्ची. मूल दोन तास घामाघूम होऊन येतं आणि रात्री न कुरकुरता झोपतं. याची किंमत द्यायला आमची ना नाही.

माझी तक्रार आहे ती किंमत घेण्याच्या पद्धतीबद्दल. मी हिशेब लिहून पोट भरते. शरणपूर रोडला छोटं ऑफिस आहे. दुकानदार, क्लासवाले, केटरर, एक-दोन जिमवाले यांची पुस्तकं माझ्याकडे असतात. एखादा धंदा का बुडाला हे लोक चहाच्या टपरीवर ज्या कारणांनी सांगतात, ती कारणं आणि वहीत दिसणारी कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. तुमच्या धंद्याचं वहीतलं कारण मला या पत्रात मांडायचं आहे.

आमच्या भागातला एक प्ले झोन मागे बंद पडला. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिली शाखा जोरात चालली. वर्षाच्या आत दुसरी, मग तिसरी. तिसरीच्या उद्घाटनाला ढोलपथक होतं. त्यानंतर एका सोमवारी पहिल्या शाखेच्या शटरवर कागद दिसला, ‘नूतनीकरणासाठी तात्पुरते बंद, गैरसोयीबद्दल क्षमस्व’. आठवड्याभरात तसाच कागद दुसरीकडे, फक्त झेरॉक्स. मालकाचा फोन आधी वाजायचा, मग बंद लागायला लागला. पालकांच्या ग्रुपवर याद्या सुरू झाल्या : कुणाची वार्षिक मेंबरशिप, कुणाच्या कार्डावर रिचार्ज शिल्लक, कुणी पुढच्या महिन्यातल्या वाढदिवसासाठी हॉलचा निम्मा ॲडव्हान्स दिलेला. एक दिवस गाळ्यासमोर छोटा हत्ती उभा दिसला. दोन हमाल खताच्या रिकाम्या गोण्यांत बॉल पूलचे रंगीत बॉल भरत होते. गोणीचं तोंड सुतळीनं शिवायचं काम काउंटरवर बसणाऱ्या मुलीकडे होतं. तिला विचारलं, सामान कुठे चाललंय? म्हणाली, “ताई, मलाच दोन महिन्यांचा पगार नाही, मला काय सांगणार ते?” तरी ती सुतळी ओवत होती.

ग्रुपवर निदान ठरलं : मालक फ्रॉड निघाला. असेलही. पण मला तसं वाटत नाही. पळून जायचं ठरवलेला माणूस तिसऱ्या शाखेच्या फर्निचरवर इतका खर्च करत नाही. मला वाटतं, त्याला शेवटपर्यंत कळलंच नसावं की तो बुडतोय. कारण गल्ल्यात पैसे येत होते.

हे काही नाशिकचं खास नाही. याच धंद्यातली मोठी गोष्ट अमेरिकेत घडून गेली आहे आणि ती तुमच्यापैकी प्रत्येकानं गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी वाचावी, असं माझं मत आहे. कंपनीचं नाव डिस्कव्हरी झोन. १९८९ मध्ये मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत सुरू झाली. आज तुमच्या हॉलमध्ये जे असतं तेच तिथं होतं : चढायला जाळ्या, रांगायला नळ्या, घसरगुंड्या, बॉलनं भरलेले हौद, वाढदिवसाच्या खोल्या. पैसे मुलाचे, आईबाप फुकट. घरात बसून टीव्ही बघणाऱ्या मुलांच्या अंगाला व्यायाम, अशी जाहिरात. आयांना पटली. मलाही पटली असती.

मग त्यात मोठी माणसं आली. डोनाल्ड फ्लिन हे वेस्ट मॅनेजमेंट या कचरा उचलणाऱ्या अवाढव्य कंपनीतले अर्थविभागाचे जुने प्रमुख. त्यांनी धंदा हातात घेतला. व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देणाऱ्या ब्लॉकबस्टरनं त्यात वाटा घेतला. ब्लॉकबस्टर वाढवणारे वेन ह्युझेंगाही मूळचे त्या कचऱ्याच्या कंपनीचेच एक संस्थापक. या मंडळींचा हातखंडा एकच होता, भराभर शाखा. एक नमुना पक्का करायचा आणि देशभर त्याच्या प्रती काढायच्या. कचरा रोज होतो आणि त्या काळात सिनेमाची कॅसेट दर शनिवारी लागायची, म्हणून तो हिशेब तिथं बसला. बॉलच्या हौदात मूल दर शनिवारी जाईल का, हा प्रश्न मात्र वेगळा होता.

१९९३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. शेअर उसळला, पैसा आला, त्या पैशातून शाखा निघाल्या. स्पर्धाही चालून आली. मॅकडोनाल्ड्सनं लीप्स अँड बाउंड्स नावाची स्वतःची साखळी १९९१ पासून काढली होती. १९९४ मध्ये ती डिस्कव्हरी झोनमध्येच विलीन झाली. ऐकायला विजय वाटतो. प्रत्यक्षात काही गावांत एकाच मालकाची दोन केंद्रं जवळजवळ आली, भाडी दोन्हीकडची चालू, मुलं तेवढीच. शिवाय बर्गरच्या दुकानांतल्या खेळायच्या जागा होत्याच आणि त्या फुकट होत्या. १९९५ पर्यंत केंद्रांचा आकडा तीनशेच्या वर गेला. त्याच काळात जुन्या केंद्रांची विक्री घसरत होती. एकूण आकडा मात्र वाढता दिसायचा, कारण नवी शाखा उघडली की तिचा सुरुवातीचा गल्ला बेरजेत पडायचा. नवलाई संपलेल्या शाखेचा खड्डा नवलाईतल्या शाखेनं भरायचा. त्यात फरक इतकाच की खड्डा दर महिन्याला राहतो आणि नवलाई एकदाच असते.

१९९५ मध्ये व्यवस्थापन बदललं. मार्च १९९६ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज करून देणेकऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण मागितलं. १९९७ मध्ये ती बरीच केंद्रं कमी करून त्यातून बाहेर पडली, मोठ्या मुलांसाठी लेझर टॅग वगैरे आणून पुन्हा उभं राहायचा प्रयत्न केला. १९९९ मध्ये पुन्हा दिवाळखोरी, आणि या वेळी कायमची. तेरा जागा चक ई. चीझ या मुलांच्या खेळांच्या आणि पिझ्झाच्या साखळीनं घेतल्या. दहा वर्षांत खेळ खलास.

तुम्ही म्हणाल, ती तीनशे शाखांची गोष्ट, आमच्या दोन-तीन. बाजारात शेअर विकून पैसा उभा करायची आमची ऐपत कुठे? बरोबर आहे. तुमच्याकडे शेअर नाही. तुमच्याकडे मेंबरशिप आहे. काम तेच करते.

कसं ते आकडे मांडून दाखवते. आकडे समजुतीसाठीचे आहेत, कुणा एकाचे नव्हेत. समजा, वार्षिक मेंबरशिप बारा हजार रुपये. उद्घाटनाची ऑफर, पालक खूश, पहिल्याच महिन्यात दोनशे जणांनी घेतली. बँकेत चोवीस लाख. बाहेरच्याला काय, मालकालाही वाटतं की धंदा एका महिन्यात चोवीस लाखांचा झाला. वहीत काय झालं? त्या महिन्यात तुम्ही दोनशे मुलांना एक महिना खेळवलं, म्हणजे दोन लाख कमावले. उरलेले बावीस लाख हे देणं आहे. कुणाचं? दोनशे पोरांचं. अकरा महिने त्यांना आत घ्यायचं आहे, एसी चालवायचा आहे, बॉल धुवायचे आहेत, जाळीला टाका घालायचा आहे, पोरांवर नजर ठेवणाऱ्या दोन-चार मुलींचे पगार करायचे आहेत. आणि त्या अकरा महिन्यांत ही दोनशे कुटुंबं काउंटरवर एक रुपया देणार नाहीत, फार तर मोज्यांचे आणि फ्रेंच फ्राइजचे देतील. वर जीएसटीचा नियम असा की सेवेचा ॲडव्हान्स हातात आला की कर त्याच महिन्याच्या रिटर्नमध्ये, सेवा पुढे कधीही द्या. म्हणजे सरकारनं आपला वाटा पहिल्याच महिन्यात उचलला.

आता हे बावीस लाख बँकेत पडून आहेत आणि शेजारच्या उपनगरात एक गाळा रिकामा आहे. गाळेमालक म्हणतो, डिपॉझिट आज भरलंत तर देतो. भरलं. सॉफ्ट प्लेचा सेट मागवला, इंटिरिअर केलं. पैसे संपले. दुसरी शाखा उघडली, तिथं पुन्हा दोनशे मेंबर, पुन्हा चोवीस लाख. त्यातून आता दोन्ही शाखांचं भाडं निघतंय, कारण पहिलीचे मेंबर फुकट खेळतायत. मग तिसरी काढावीच लागते. हौसेनं नव्हे, पहिल्या दोनचं भाडं भरायला. चौथा गाळा मिळाला नाही, किंवा चौथ्या भागात तितकी मुलं निघाली नाहीत, की त्याच महिन्यात तिन्ही शटरवर नूतनीकरणाचा कागद लागतो.

नाशिक जिल्ह्याला ही चाल ओळखीची असायला हवी. द्राक्षाचा व्यापारी येतो, पहिल्या वर्षी रोख भाव देतो, दुसऱ्या वर्षी निम्मे रोख निम्मे उधार, तिसऱ्या वर्षी अख्ख्या गावाचा माल उचलतो आणि फोन बंद. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना यासाठी खास मोहीम हाती घ्यावी लागली होती. तिथं माल आधी जातो आणि पैसा मागाहून यायचा असतो. इथं पैसा आधी जातो आणि खेळ मागाहून यायचा असतो. विश्वास टाकणारा दोन्हीकडे सारखाच हात चोळत बसतो. फरक एवढाच की बागायतदाराचं नुकसान लाखांत असतं म्हणून तो मोर्चा काढतो. पालकाचे सात-आठ हजार असतात, तो चार दिवस ग्रुपवर चिडतो आणि सोडून देतो. याच सोडून देण्यावर तुमच्यापैकी काहींचा धंदा उभा आहे, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

दुसरी गोष्ट तुमच्या गिऱ्हाइकाची. हे गिऱ्हाईक वाढतं. दोन वर्षांचं असताना बॉल पूलला बिचकतं, चार-पाचव्या वर्षी बाहेर यायला तयार नसतं, आठव्या वर्षी ‘हे बाळांचं आहे’ म्हणून नाक मुरडतं आणि टर्फवर क्रिकेट खेळायला जातं. किराणा दुकानाला एक घर तीस वर्षं पुरतं, तुम्हाला एक मूल चार-पाच वर्षं. म्हणजे दरवर्षी गिऱ्हाइकांचा मोठा हिस्सा नव्यानं मिळवायचा. पहिल्या वर्षाची गर्दी ही त्या भागातली सगळ्या वयाची साचलेली मुलं असतात. ती एकदम येतात. दुसऱ्या वर्षापासून फक्त नव्यानं मोठी झालेली येतात. पहिल्या वर्षाच्या गर्दीवरून दुसरा गाळा घेणं म्हणजे हिशेब न करणं.

आणि नाशिकचं हवामान. डिस्कव्हरी झोनचा भरीचा काळ हिवाळा, कारण तिथं बर्फात बाहेर पडता येत नाही. उन्हाळ्यात त्यांचे हॉल ओस. आपल्याकडे नेमकं उलटं. तुम्हाला एप्रिल-मे आणि पावसाची झड तारते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळ-संध्याकाळ इतकी सुंदर असते की शहाणा माणूस मुलाला घेऊन पांडवलेणीच्या पायथ्याशी नेहरू वनात जातो, नाहीतर जॉगिंग ट्रॅकवर. एसी हॉलमध्ये तेव्हा कोण येणार? शिवाय सोमवार ते शुक्रवार दुपारी तुमच्याकडे कोण असतं, तर एखादं नर्सरीतलं पिल्लू आणि त्याची मोबाइलमध्ये मान घातलेली मावशी. भाडं मात्र मंगळवारचं आणि रविवारचं एकाच दरानं. शनिवार-रविवार आणि वाढदिवस यांवर महिना ओढायचा असतो. हे गणित मुळातच नाजूक आहे. म्हणूनच ॲडव्हान्सचा मोह होतो, तेही मला कळतं. कोविडचं तर विचारूच नका. मार्च २०२० ला करमणुकीची ठिकाणं बंद झाली ती पुढे बराच काळ. त्या काळात ज्यांचं बुडालं त्यांना मी काही बोलणार नाही.

पण आता कायद्याचं बघा, कारण तुमच्यापैकी पुष्कळांची समजूत अशी आहे की पावतीच्या मागे ‘नो रिफंड’ छापलं की विषय संपला.

तुमचं रिचार्जचं कार्ड, जे फक्त तुमच्याच काउंटरवर चालतं, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. अशी स्वतःपुरती प्रीपेड कार्डं रिझर्व्ह बँकेच्या अधिकृततेच्या चौकटीबाहेर आहेत. म्हणजे मोबाइल वॉलेट चालवणाऱ्या कंपनीला लोकांचे पैसे बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, तुम्हाला नाही. ही तुमची सोय झाली. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुम्हाला लागू आहे, पूर्ण. सेवेत त्रुटी असताना पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणं ही त्या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. एकतर्फी करार अनुचित ठरवण्याची तरतूदही त्यातच आहे. आणि पालकांनो, तुम्हीही ऐका : पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, वकील सक्तीचा नाही, १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. सात हजारांसाठी कोण जातंय, हे वाक्य चाळीस जणांनी एकत्र म्हणायचं बंद केलं तर सात हजारांचे दोन लाख ऐंशी हजार होतात.

याहून जड एक कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. बुडालेल्या पतसंस्था आणि चिट फंडांच्या बातम्यांत तो तुम्ही वाचला असेल. त्यात ‘ठेव’ म्हणजे नुसते रोख परत करायचे पैसे नव्हेत. वस्तूच्या किंवा ठरावीक सेवेच्या रूपात परत द्यायचे पैसेही त्या व्याख्येत घेतले आहेत. प्ले झोनची वार्षिक मेंबरशिप त्यात बसते की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडतील. तुम्हाला त्या भांडणातला आरोपी व्हायचं आहे का, एवढंच विचारते. त्या कायद्यात मालमत्ता जप्त होते.

पैसे कमी पडायला लागले की आधी कशाला कात्री लागते, हेही वहीत दिसतं. भाड्याला लावता येत नाही, मालक कुलूप ठोकेल. लाइट बिलाला लावता येत नाही. मग माणसं कमी होतात. चार मुलींच्या जागी दोन, आणि त्यातली एक काउंटरवर. मग बॉल धुणं महिन्यावर जातं. फाटलेल्या गादीवर टेप येते. अग्निशमन यंत्रांचं रिफिलिंग पुढच्या महिन्यावर ढकललं जातं आणि मागच्या बाहेर पडायच्या दारासमोर जुन्या खुर्च्यांची रास लागते, कारण गोडाऊनचं भाडं वाचवायचं असतं. २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आगीत २७ जीव गेले, त्यात लहान मुलं होती. त्या दिवशी ९९ रुपयांत प्रवेशाची ऑफर होती आणि अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला नव्हता. आपल्याकडे २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला द्यावा लागतो. तुमच्या हॉलचा मागचा दाखला कोणत्या महिन्यातला आहे? तो काउंटरमागे बालाजीच्या फोटोशेजारी लावायला काय हरकत आहे? बालाजीला चालेल.

गाळेमालकांनो, तुम्हालाही थोडं. तुम्ही अकरा महिन्यांचं डिपॉझिट आगाऊ मागता तेव्हा ते कुठून येणार हे तुम्हाला कळत नाही असं नाही. गाळा सुटल्यावर नव्या भाडेकरूनं त्याच जागी, त्याच गाद्यांवर, नवी पाटी लावून पुन्हा मेंबरशिप विकायला घेतली, हे एकाहून जास्त ठिकाणी झालंय. जुने पालक जाब विचारायला आले की उत्तर ठरलेलं, ‘मॅनेजमेंट बदललंय’. निदान भाडेकराराच्या वेळी जुन्या मेंबरांचं काय, एवढा एक प्रश्न विचारत जा.

तर माझं मागणं. वार्षिक मेंबरशिप विकूच नका. तीन महिने पुरे. हंगाम तेवढाच असतो आणि पालकालाही तेवढंच झेपतं. लगेच काउंटरवरचा सेल्समन म्हणेल, शेजारचा वर्षाची देतो, आपण तीनची दिली तर गिऱ्हाईक जाईल. जाऊ दे. शेजारचा बंद पडला की ते परत येईल, आणि तेव्हा तुमच्या पावतीकडे बघून येईल. ज्यांच्याकडे वार्षिकचे पैसे आधीच घेतलेले आहेत, त्यांनी त्यातले न कमावलेले पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि दर महिन्याला बारावा हिस्सा मुख्य खात्यात घ्या. बँकेत दुसरं चालू खातं उघडायला एक दिवस लागतो. तुमच्या अकाउंटंटला सांगा, ताळेबंदात ही रक्कम देणी बाजूला दाखव. त्यानं ‘कशाला, लोन मिळणार नाही’ असं म्हटलं तर अकाउंटंट बदला. वाढदिवसाचा ॲडव्हान्स पाच हजार घेतलात तर तोही कार्यक्रम होईपर्यंत त्याच खात्यात. दुसरी शाखा काढायची असेल तर अवश्य काढा, पण पहिली शाखा नव्या मेंबरशिपशिवाय, नुसत्या तिकिटांवर आणि वाढदिवसांवर एक अख्खा हिवाळा तगली पाहिजे. मे महिन्यातला आकडा मला दाखवू नका, जानेवारीतला दाखवा.

आणि बंद करावंच लागलं, तर बंद करणं हा गुन्हा नाही. शंभर धंदे बंद पडतात. महिनाभर आधी दारावर खरा कागद लावा. शिल्लक दिवसांचे पैसे परत द्या. सगळे जमले नाहीत तर कुणाला किती, कधी, याची यादी सही करून लावा. दुसऱ्या प्ले झोनवाल्याशी बोलून मेंबर तिकडे वळवता येतात, तोही खूश होतो, त्याला आयतं गिऱ्हाईक मिळतं. आणि काउंटरवरच्या पोरींचे पगार सगळ्यात आधी. सिडकोतून, सातपूरमधून सिटीबसनं येणाऱ्या मुली आहेत या. त्यांना तुमच्या शाखा किती हे ठाऊक नसतं, महिन्याची दहा तारीख ठाऊक असते.

मला काही प्ले झोन असे माहीत आहेत जे एकच हॉल घेऊन बसलेत. भिंतींचा रंग जुना, जाळी दोनदा शिवलेली, पण स्वच्छ. मालकीणबाई स्वतः गेटवर उभ्या, मुलांना नावानं ओळखतात, भांडण झालं की बाजूला घेतात. तासाचं तिकीट, दहा तिकिटांचं पुस्तक, बस्स. त्यांच्या तिसऱ्या शाखेचं उद्घाटन कधी होणार नाही, आणि त्यांना ते चालतं. तुमच्या संघटनेच्या व्यासपीठावर सत्कार करायला कुणी मिळत नसेल तर यांना बोलवा.

सुट्टीच्या ऑफरचं पत्रक दरवर्षी तुम्ही शाळांच्या गेटवर वाटता. यंदा ते छापायला टाकण्याआधी त्यात एक ओळ वाढवा : ‘मध्येच बंद झाल्यास उरलेल्या दिवसांचे पैसे इतक्या दिवसांत परत’. दिवसांचा आकडा तुम्हीच घाला. ती ओळ असलेलं पहिलं पत्रक ज्याचं येईल, त्याच्याकडे आमच्या सोसायटीतली दहा-बारा पोरं घेऊन मी स्वतः येते, तिकिटं रोख काढून.

आपली,
हिशेब लिहिणारी एक आई
इंदिरानगर, नाशिक